पंचेचाळिशीनंतरची परीक्षा



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहिले की न्यायमूर्ती रानड्यांचे नाव घेण्याचा आपल्याकडे रिवाजच आहे. १८७५ साली पुण्यात त्यांनी ह्या प्रथेला आरंभ केला, आणि आज दीडशे वर्षांनंतर खाडीच्या ह्या काठावर आपण तिचे फळ चाखत बसलो आहोत. परंतु मला आज त्यांची आठवण होते ती एका वेगळ्या कारणाने. रानडे १८६४ साली एम.ए. झाले आणि १८६६ साली एलएल.बी. झाले. त्यानंतर ते शिक्षण खात्यात भाषांतरकार होते, अक्कलकोटला कारभारी होते, कोल्हापूरला न्यायाधीश होते, आणि एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते. एवढे सारे करून झाल्यावर १८७१ साली त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली आणि ते ती उत्तीर्ण झाले. म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून आलेला हा मनुष्य कायद्याच्याच विषयात पुन्हा परीक्षेच्या बाकावर जाऊन बसला! त्यांचे वय तेव्हा एकोणतीस होते. आजच्या हिशेबाने हे काही उशिराचे वय नव्हे हे मला कळते. पण खुर्चीवरून उठून बाकावर बसण्याला वयापेक्षाही वेगळे काही लागते, आणि माझा आजचा विषय तेवढाच आहे.

नोकरीची वीस-पंचवीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाने पुन्हा एखादी व्यावसायिक परीक्षा द्यावी काय? द्यावी तर कोणती, आणि कशासाठी?

हा विषय सानपाड्यात मांडायला मला संकोच वाटत नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि तिने ह्या शेता-मिठागरांवर शहर वसवले ते मुख्यत्वे कागदावर उपजीविका करणाऱ्या माणसांसाठी. मूळचे आगरी-कोळी ग्रामस्थ इथे होतेच, त्यांच्या जमिनीवरच आपण सारे बसलो आहोत हे विसरून चालणार नाही. पण आज सकाळी सानपाड्याच्या फलाटावर उभे राहून पाहिले तर काय दिसते? कोणी कोकण भवनात जाणारे, कोणी सिडकोत, कोणी महानगरपालिकेत, कोणी बँकेत, विम्यात, न्हावा-शेव्याच्या बंदराच्या कामात, कोणी शेजारी तुर्भ्याच्या बाजार समितीत, तर कोणी हार्बर गाडीने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत. ह्यांतले बहुतेक टिपणी लिहिणारे, मसुदा करणारे, जावक क्रमांक टाकणारे, हिशेब जुळवणारे. प्रशासन म्हणतात ते हेच. मंत्री बदलतात, संचालक बदलतात. पण फाईल चालते ती ह्या मंडळींच्या हातांनी.

ह्या माणसांच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की सरकार त्यांना प्रेमाने सांगते: तुम्हांला आता परीक्षेतून सूट!

ही सूट काय आहे ते श्रोत्यांपैकी सरकारी नोकरीतल्यांना ठाऊक आहेच. राज्य सेवेत विभागीय परीक्षा असतात, मराठी-हिंदी भाषेच्या परीक्षा असतात, संगणकाची अर्हता असते. आणि विशिष्ट वय ओलांडले की त्यांतून मोकळीक मिळते. कुठे पंचेचाळीस, कुठे पन्नास. परीक्षेप्रमाणे आणि खात्याप्रमाणे आकडा वेगळा. संगणक-अर्हतेच्या बाबतीत पन्नाशीची मर्यादा धरली गेली. नियमामागचा हेतू चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. उतारवयाच्या माणसाची वेतनवाढ किंवा बढती एका प्रश्नपत्रिकेसाठी अडवून धरणे क्रूरपणाचे होईल. ज्याने इमानाने पंचवीस वर्षे काम केले त्याला शिक्षा नको, एवढाच त्या सवलतीचा अर्थ.

पण आपण तिचा अर्थ काय लावला? आपण असा लावला की शिकण्यातूनच सूट मिळाली. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला कित्येकजण सुटकेचा निःश्वास टाकतात. मी म्हणतो, जरा हिशेब करून पाहा. राज्य सरकारी नोकरीत निवृत्तीचे वय बहुतेकांना अठ्ठावन्न आहे. म्हणजे पंचेचाळिशीनंतर तेरा वर्षे उरतात. एवढ्या वर्षांत मूल पहिलीत जाऊन पदवीच्या उंबरठ्यावर येते. तेरा वर्षे ज्या माणसाकडून काही नवे अपेक्षित नाही, त्याला सभ्य भाषेत काय म्हणावे हे तुम्हीच ठरवा.

परीक्षा म्हणजे पोरासोरांचे काम ही समजूत आपल्यात आली तरी कोठून, ह्याचा शोध घेतला तर मजेदार गोष्ट हाती लागते. ती आली इंग्रजांच्या सिव्हिल सर्व्हिसमधून. वशिल्याच्या नेमणुका बंद करून १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा-परीक्षा सुरू झाली, आणि तिला वयाची कमाल मर्यादा घालण्यात आली. सुरुवातीला तेवीस. मग ती खाली खाली येत १८७८ च्या सुमारास एकोणीसवर आली. ह्या एकोणिसाच्या मर्यादेविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर चळवळ केली, कारण हिंदी मुलाला एकोणिसाव्या वर्षी विलायतेत जाऊन परीक्षा देणे जवळजवळ अशक्यच होते. त्या पद्धतीचा गाभा असा की वेशीवर एकदा कसून तपासायचे, आणि एकदा आत घेतले की पुढची तीस वर्षे शंका घ्यायची नाही. गंमत अशी, की खुद्द त्या साहेबांनासुद्धा इथे आल्यावर मराठी, गुजराती अशा प्रांतिक भाषांच्या खात्यांतर्गत परीक्षा द्याव्या लागत. ती बाजू आपण विसरलो आणि वेशीवरची परीक्षा तेवढी डोक्यात ठेवली. आजही घरोघर स्पर्धा-परीक्षेचे जे वेड आहे ते वेशीचे वेड आहे. आत गेल्यावर काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

ह्याच्या उलट जातीची परीक्षा जगात दुसरीकडे निघाली, आणि ती काढली कारकुनांनीच. अमेरिकेत १९४२ साली सेक्रेटरींची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया. टंकलेखन करणारी, साहेबांच्या भेटीगाठी ठरविणारी ती बाई, तिच्या कामाला कोणी व्यवसाय म्हणायला तयार नव्हते. तेव्हा ह्या संघटनेने १९५१ साली स्वतःचीच परीक्षा सुरू केली. तिला बसायला नुसते शिक्षण पुरत नसे, कचेरीतल्या कामाचा अनुभवही लागे. नीट लक्षात घ्या. वेशीवरच्या परीक्षेत वय झाले की माणूस बाद होतो. इथे काम केलेले नसेल तर बसताच येत नाही. म्हणजे ही परीक्षा मुळातच आयुष्याच्या मधल्या टप्प्यासाठी बेतलेली. ती परीक्षा नाव बदलून आजही चालू आहे.

आपल्या मुंबईतही ह्याच धर्तीच्या संस्था आहेत, आणि पुष्कळ जुन्या आहेत. नगरपालिकांच्या नोकरवर्गासाठी अभ्यासक्रम चालविणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ सालची. बँकवाल्यांची संस्था १९२८ सालची, तिच्या जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी. ह्या परीक्षा पास झाल्या की पहिलीला एक आणि दुसरीला दोन वेतनवाढी मिळतात, हे इथल्या बँकेतल्या मंडळींना मी सांगायला नको. विमा क्षेत्रातली संस्था १९५५ ची. कंपनी सेक्रेटरींची संस्था देशव्यापी आहे आणि तिचे प्रशिक्षण-केंद्र तर आपल्या बेलापुरातच आहे. ह्या साऱ्यांनी गृहीत धरले आहे की माणूस नोकरी करता करता शिकणार. कंपनी सेक्रेटरीच्या अभ्यासक्रमाला तर कमाल वयाची अट नाही. तो अभ्यास मात्र लांबलचक आणि कष्टाचा आहे. नोकरी सांभाळून तीन-चार वर्षे सहज जातात, शिवाय प्रशिक्षणाचा काळ वेगळा. पन्नाशीत तो हाती घेणाऱ्याने घरच्यांशी बसून नीट बोलून घ्यावे.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पुस्तकी बात झाली. प्रौढ कारकुनाला पुन्हा बाकावर बसवणे आपल्याकडे झेपणारे नाही. तर मी नम्रपणे सांगतो की महाराष्ट्राच्या कचेरीने हे एकदा नव्हे, निदान दोनदा करून दाखविले आहे. पहिल्यांदा मराठी राजभाषा झाली तेव्हा. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. पंधरा-वीस वर्षे इंग्रजीत ‘आय ॲम डायरेक्टेड टु स्टेट’ असे लिहिणाऱ्या हातांना ‘मला असे कळविण्याचा आदेश आहे’ हे वळण लावावे लागले. आज आपण ‘प्रस्ताव’, ‘टिपणी’, ‘अधिसूचना’, ‘परिपत्रक’ हे शब्द आईच्या दुधाबरोबर मिळाल्यासारखे वापरतो. ते तसे मिळालेले नाहीत. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी ते घोकले, चुकत चुकत वापरले, त्यांची टवाळीही झाली. इंग्रजी टंकलेखन चाळीस शब्दांच्या गतीने करणाऱ्याला मराठीचा कळफलक अक्षरशः पहिल्यापासून शिकावा लागला.

दुसऱ्यांदा संगणक आला तेव्हा. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि पाठोपाठ गल्लोगल्ली एम.एस.-सी.आय.टी.च्या पाट्या लागल्या. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा आवश्यक झाली, न झाल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद आली. त्या वेळी आपल्या मुलांच्या वयाच्या शिक्षकांसमोर माऊस धरून बसलेले अव्वल कारकून आणि मुख्याध्यापिका पुष्कळांना आठवत असतील. हात थरथरत, बाण पडद्याबाहेर पळून जाई, आणि शेजारचा दहावीचा मुलगा ‘काकू, असं नाही, असं’ म्हणून दाखवी. हे दृश्य हास्यास्पद मुळीच नव्हते. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले ते आपल्या कचेरीतले सर्वांत सुंदर दृश्य होते.

आणि दाखल्यालाही वय असते, हे मला ह्याच संदर्भात सांगावेसे वाटते. कित्येकांच्या कपाटात टंकलेखनाचे जुने सरकारी प्रमाणपत्र जपून ठेवलेले असेल. ज्या यंत्रावर ती परीक्षा झाली ते गोदरेजचे यंत्र १९५५ पासून आपल्या देशात तयार होऊ लागले. पुढे त्याचा कारखाना सातारा जिल्ह्यात शिरवळला होता. २०११ साली वर्तमानपत्रांत बातमी आली तोपर्यंत ते उत्पादन थांबलेलेही होते. प्रमाणपत्र शाबूत आहे, यंत्र राहिले नाही. आज टंकलेखनाची ती परीक्षासुद्धा संगणकावर होते.

हे सर्व ऐकून कोणी घाईने भलत्याच रांगेत उभे राहू नये. हल्ली प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला आहे. दोन तासांची चित्रफीत पाहा, दहा प्रश्नांवर टिचकी मारा, की रंगीत कागद तयार! केंद्र सरकारने २०२० साली मिशन कर्मयोगी सुरू केले. त्याच्या संगणकीय व्यासपीठावरचे काही पाठ खरोखर उपयोगी आहेत, पण नुसती संख्या भरण्यासाठी दहा पाठ उरकणारे लोकही आहेत. ह्याला आपल्याकडे ताकापुरते रामायण म्हणतात. ते केल्याने पाप लागत नाही, इतकेच.

मग निवडायचे कसे? माझी कसोटी साधी आहे, आणि ती कचेरीतलीच आहे. प्रशासनात सगळी किंमत सहीला. तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. ह्या परीक्षेमुळे आज मी ज्यावर सही करू शकत नाही अशा एखाद्या कागदावर उद्या सही करू शकेन काय? आणि तसे नसेल, तर आजवर मी ज्यावर सह्या करीत आलो त्याचे कारण तरी मला तीमुळे कळेल काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर ते पैसे सुटीत कोकणात जाण्यासाठी ठेवावेत.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. मुरलेला कारकून काम कसे करतो? तो जुनी फाईल काढतो. मागच्या वेळी काय केले होते ते पाहतो आणि तसेच करतो. ह्याला पूर्वोदाहरण म्हणतात, आणि त्यात मोठे शहाणपण साठलेले असते. मी त्याला कमी लेखीत नाही. पण दोन फाइलींच्या मधल्या काळात कायदाच बदलला असला तर? पूर्वी अशी चूक पोटात जिरून जाई. आता जिरत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणाही नागरिकाला फाईल मागता येते, आणि माहिती देण्यात विनाकारण उशीर झाला तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होतो. तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, कार्यालयाच्या नव्हे. त्याच वर्षाच्या राज्याच्या विलंब-प्रतिबंधक अधिनियमाने सांगितले की सामान्यतः कोणतीही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकून राहता कामा नये. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. सही अशी महाग होत गेली, आणि आपण मात्र तीच जुन्या सवयीने करीत राहिलो.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. नाव कशाला हवे? वय अठ्ठेचाळीस, नोकरी एका सरकारी कार्यालयात, राहणे इथेच एखाद्या सेक्टरातल्या सोसायटीत. मोठा मुलगा इंजिनिअरिंगला, धाकटी बारावीला, घरी सासूबाई अंथरुणाला. सोसायटीच्या कमिटीत कोणी काम करायला तयार नाही म्हणून सचिवपद हिच्या गळ्यात. लिहिण्याची सवय आहे ना तुम्हांला, वहिनी, असे म्हणून सगळे मोकळे. ती दर महिन्याची बिले काढते. त्यात सिंकिंग फंड म्हणून एक ओळ असते, दुरुस्ती निधी म्हणून दुसरी. आकडा गेल्या वर्षी होता तोच. कोणी विचारलेच की हा आकडा आला कोठून, तर उत्तर एकच: पूर्वीपासून असाच आहे.

अशा बाईने सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका-परीक्षा द्यायला घेतली तर काय होईल? सहा विषय आहेत: हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, सहकारी बँका आणि पतसंस्था, गृहनिर्माण व अन्य संस्था. उत्तरे मराठीत लिहिता येतात. अभ्यास करताना तिला कळेल की आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड हा सदनिकेच्या बांधकाम-खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का घ्यायचा असतो. बांधकाम-खर्चावर, खरेदीच्या किमतीवर नाही, जमिनीची किंमत धरून नाही. का बरे? कारण उद्या इमारत जुनी झाली तर बांधायची असते ती इमारत. जमीन काही झिजत नाही. हे कारण एकदा कळले की तो आकडा पुन्हा कधी विसरत नाही. तिला हेही कळेल की भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे सरकारने २००१ सालीच ठरवून दिले आहे. आणि २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले आहे. वार्षिक सभेत ज्या गोष्टींवरून शेजारी शेजाऱ्याचे तोंड पाहीनासा होतो, त्यांतल्या निम्म्या गोष्टींची उत्तरे ह्या अभ्यासात लिहून ठेवलेली आहेत. एवढा मोठा अभ्यास नको असेल तर गृहनिर्माण व्यवस्थापनाची सी.एच.एम. ही त्याच खात्याची लहान परीक्षाही आहे.

पदविका झाली, पदवी आणि लेखापरीक्षणाचा ठरावीक अनुभव झाला, की संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामिकेवर जाण्याचा मार्ग मोकळा होतो. सरकारी नोकरीत असेपर्यंत वर्तणूक नियमांमुळे असे खाजगी काम करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पण अठ्ठावन्नव्या वर्षी नोकरी संपल्यावर हातात नुसते निवृत्तिवेतन असण्यात आणि निवृत्तिवेतनाबरोबर स्वतःची सही असण्यात जो फरक आहे, तो ज्यांनी अनुभवला त्यांनाच विचारावा.

खाजगी नोकरीतल्या मंडळींची गोष्ट आणखी कठीण. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आपल्या डोळ्यांदेखत किती रासायनिक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या! कारखाना बंद झाला तेव्हा फिटरने, इलेक्ट्रिशियनने आपला दाखला खिशात घातला आणि तो दुसरीकडे गेला. पण ज्याने पंचवीस वर्षे कार्यालय सांभाळले, टपाल, हजेरी, खरेदी, भविष्यनिर्वाह निधीची विवरणे, साहेबांचा प्रवास, सारे काही बिनचूक केले, त्याच्यापाशी दाखवायला काय होते? त्याचा अनुभव त्या कंपनीच्या लेटरहेडवर होता, आणि ती कंपनीच राहिली नाही. कार्यालय-व्यवस्थापन हे कसब आहे हे आपला समाज मानीत नाही. ‘ऑफिसात असतो’ असे म्हणतो आणि पुढे विचारीत नाही. त्या अमेरिकन सेक्रेटरींना हेच दुःख होते.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की वक्ता एकतर्फी बोलला. परीक्षा पास झाल्याने साहेब खूश होईल, खुर्ची बदलेल, असे मुळीच धरून चालू नये. सरकारात बढती ज्येष्ठतेने आणि बिंदुनामावलीने होते. एका पदविकेने ती हलत नाही. बँकेसारखी वेतनवाढ सगळीकडे नाही. उलट सहकारी टोमणे मारतात: आता कलेक्टर व्हायचंय वाटतं! पी हळद अन् हो गोरी अशी अपेक्षा ठेवून जो बसेल तो निराश होईल, आणि ती निराशा पन्नाशीत फार कडू लागते.

दुसरे, वेळ आणायचा कोठून? पुरुषाला निदान गाडीत बसायला मिळाले तर सानपाड्यापासून मुंबईपर्यंतचा जवळजवळ तास असतो. बाईला गाडीतही भाजी निवडावी लागते. तो विनोदाचा विषय आपण फार दिवस केला. नवऱ्याने, मुलांनी सहा महिने रात्रीचा स्वयंपाक उरकण्याची जबाबदारी घेतली नाही तर हे सारे व्याख्यान त्या घरात निरर्थक आहे. मी हे सर्वांच्या देखत मोठ्याने बोलतो आहे, कारण घरी जाताना ह्याच मुद्द्याचा विसर पडण्याचा संभव अधिक.

तिसरी अडचण लोक सांगतात ती स्मरणशक्तीची. ह्या वयात पाठ होत नाही म्हणतात. पाठ होत नाही हे खरे असेल. पण वीस वर्षांच्या मुलाला ‘ताळेबंद’ हा शब्द पाठ करावा लागतो, तर तुम्ही वीस ताळेबंद हातांनी जुळवलेले असतात. त्याला कलम आठवावे लागते, तुम्हांला त्या कलमाखाली भांडलेले दोन सभासद आठवतात. तरुण माणूस रिकाम्या भिंतीत खिळे ठोकतो. तुमच्या भिंतीला खुंट्या आधीच आहेत, अडकवायचे तेवढे आहे. खरी अडचण निराळीच असते. ती हाताची. संगणकावर बोटे चालवून चालवून आपल्याला तीन तास सलग पेनाने लिहिण्याची सवय राहिलेली नाही, आणि चौथ्या पानावर मनगट बंड करते. म्हणून अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून रोज दोन पाने हाताने लिहावीत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. वाचन कमी झाले तरी चालेल, लिहिणे कमी होऊ देऊ नये.

आणि सर्वांत मोठी अडचण कोणी बोलून दाखवीत नाही. ती लाजेची. नापास झालो तर? मुलगी बारावीला आहे, हाताखालचे लोक आहेत, शेजारीपाजारी आहेत, आणि मी पन्नाशीचा मनुष्य नापास! ही भीती खरी आहे, तिला हसू नये. बाहेर गुप्त ठेवून परीक्षा देणारेही आहेत, आणि तसे करायला माझी हरकत नाही. पण घरात सांगावे. ज्या मुलीला आपण रोज ‘अभ्यास कर’ म्हणतो, तिने आपल्या आईला रात्री दहा वाजता जेवणाच्या टेबलाशी हिशेबाच्या वहीवर डोके धरून बसलेली पाहणे, आणि आईचा एक विषय राहिला तर तिने पुन्हा फॉर्म भरताना पाहणे, ह्यात त्या मुलीचे काही नुकसान होते असे मला वाटत नाही.

सरकारने काय करावे हेही दोन शब्दांत सांगतो. सूट राहू द्यावी. वेतनवाढ अडवू नये. पण सूट मिळालेला जो माणूस आपण होऊन परीक्षेला बसतो, त्याला अभ्यासासाठी चार दिवसांची रजा विनासायास मिळावी, आणि तो उत्तीर्ण झाला तर सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी. खर्च काही नाही. शाईची एक ओळ. नगरपालिकेनेही प्रत्येक नोडमध्ये रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी एखादी अभ्यासिका प्रौढांसाठी राखून ठेवली तर बरे होईल. आज ज्या अभ्यासिका आहेत त्यांत स्पर्धा-परीक्षेची मुले खचून भरलेली असतात. तेथे पांढऱ्या केसांचा माणूस शिरला की सगळ्यांना वाटते, मुलाचा डबा घेऊन आला असेल.

ज्यांना सहकाराच्या परीक्षेत रस असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की ती साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी, हिवाळ्यात मागवतात. तेव्हा ह्या वर्षीची वेळ निघून गेली आहे. पुढच्या वर्षीसाठी मात्र आपल्यापाशी एक पावसाळा, एक दिवाळी आणि जवळजवळ वर्षभराच्या रात्री आहेत. अध्यक्षांनी मला दिलेला वेळ संपला आहे, आणि कोणाला कुठल्या परीक्षेविषयी विचारायचे असेल तर मी खाली पायऱ्यांपाशी थांबतो.